लिपिड प्रोफाइल

लिपिड प्रोफाइल ही रक्तातील मेदद्रव्यांची तपासणी आहे. एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल व एचडीएल या कणांतील कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड (शरीर ऊर्जेसाठी साठवते ती चरबी) हे चार मुख्य आकडे तीत मिळतात आणि त्यांवरून हृदयाच्या रोहिण्यांना असलेल्या धोक्याचा अंदाज बांधता येतो. रिपोर्ट हातात आला की बहुतेकांची नजर आधी एकूण कोलेस्टेरॉलवर जाते. ते २०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत असले की कागद फाइलमध्ये जातो. आपल्याकडच्या लोकांना हीच सवय महागात पडू शकते.

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ शरीराला हवाच असतो. पेशींचे आवरण, पित्त, स्टेरॉइड संप्रेरके आणि ड जीवनसत्त्व यांसाठी तो लागतो. त्याचा बराचसा भाग यकृत स्वतःच तयार करते. रक्तात तो विरघळत नाही, म्हणून प्रथिनांच्या वेष्टनातील सूक्ष्म कणांतून त्याची ने-आण होते. एलडीएल कण तो ऊतींकडे नेतात, तर एचडीएल कण उरलेले कोलेस्टेरॉल यकृताकडे परत आणतात. रक्तात एलडीएल जास्त काळ जास्त राहिले की ते रोहिणीच्या अस्तराखाली शिरते, तिथे अडकते आणि पांढऱ्या पेशी ते गिळू लागतात. त्यातून थर जमतो. याची सुरुवात तरुणपणीच होते आणि त्या वेळी काहीही दुखत-खुपत नाही. झटका येतो तो बहुधा असा थर अचानक फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरल्यामुळे. फुटणारा थर आधी फार अडथळा करणारा असतोच असे नाही. त्यामुळे ‘मला कधी छातीत दुखले नाही’ या दिलाशाला फारसा अर्थ उरत नाही.

हा संबंध कळायला बराच काळ लागला. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत थर तयार करून दाखवले. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून रहिवाशांची वर्षानुवर्षे तपासणी झाली, तेव्हा माणसांतही वाढलेले कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचे नाते दिसले. यकृताच्या पेशींवरील एलडीएल ग्राहके रक्तातून हे कण ओढून घेतात, हे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी उलगडले. त्यांना १९८५ चे नोबेल मिळाले. जपानचे अकिरा एंदो यांनी बुरशीतून शोधलेल्या रसायनातून स्टॅटिन औषधांचा मार्ग खुला झाला. स्टॅटिनमुळे यकृतातील निर्मिती मंदावते, यकृत जादा ग्राहके तयार करते आणि रक्तातील एलडीएल उतरते. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीत सिम्व्हास्टॅटिनने मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटवले, आणि कोलेस्टेरॉल उतरवून खरोखर जीव वाचतात का, हा वाद बराचसा मिटला.

आता आकड्यांकडे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या मधुमेहविषयक पाहणीचा पहिला टप्पा महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड येथे झाला. त्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोलके आहेत : एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले १३.९ टक्के लोक, पण एचडीएल कमी असलेले तब्बल ७२.३ टक्के. आपल्याकडे एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त, ही जोडी वारंवार दिसते. त्यामुळे एकूण आकडा सभ्य दिसतो. समजा एखाद्याचे एकूण कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल ३२ आणि ट्रायग्लिसराइड २१० आहे. १९७२ पासून वापरात असलेल्या फ्रीडवाल्ड सूत्राने, म्हणजे एकूणातून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून, एलडीएल ११६ येते. एकूणातून फक्त एचडीएल वजा केले तर १५८ उरतात. याला नॉन-एचडीएल म्हणतात आणि थर जमवणाऱ्या सर्व कणांतील कोलेस्टेरॉल त्यात येते. कमी धोक्याच्या माणसातही हा आकडा १३० च्या आत हवा. रिपोर्टवर तो नसेल तर वजाबाकी घरीही करता येते, आणि ती प्रत्येकाने करावी.

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एलडीएल सर्वसाधारण व्यक्तीत १०० च्या खाली, मधुमेह वा उच्च रक्तदाब असलेल्या जास्त धोक्याच्या व्यक्तीत ७० च्या खाली आणि झटका येऊन गेलेल्यांत ५५ च्या खाली असावे. म्हणून ‘नॉर्मल’ हा छापील शब्द सगळ्यांना सारखा लागू होत नाही. पहिल्या तपासणीला उपाशीपोटी जाण्याचीही गरज नाही. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर निघाले तर मात्र उपाशीपोटी पुन्हा रक्त द्यावे लागते.

एचडीएलला ‘चांगले’ म्हणण्याची पद्धत आहे. मात्र टॉर्सेट्रॅपिब या औषधाने एचडीएल भरपूर वाढवूनही मृत्यू वाढले आणि २००६ मध्ये त्याची चाचणी थांबवावी लागली. एचडीएल कमी असणे ही धोक्याची खूण आहे; तेवढाच आकडा औषधाने चढवून धोका टळत नाही.

आहारात अंड्यातील बलकापेक्षा संपृक्त मेदाचा परिणाम मोठा असतो, कारण त्यामुळे यकृतातील ग्राहकांचे काम मंदावते. तूप, लोणी आणि वनस्पतिजन्य असूनही खोबरेल तेल यांत तो भरपूर असतो. शेंगदाणा आणि करडईच्या तेलात असंपृक्त मेद जास्त असते. तेलाच्या पाकिटावरील ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ या शब्दांनी फसू नये. कोणत्याच वनस्पती तेलात ते नाव घेण्याइतके नसते. तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या आणि एलडीएल वाढवणाऱ्या, वनस्पती तुपातील ट्रान्स मेदावर भारतात २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे.

आकडा खाली आला म्हणून स्वतःच स्टॅटिनची गोळी बंद करणे ही सर्रास होणारी चूक. काही आठवड्यांत एलडीएल पूर्वपदावर येते. एलडीएल लिटरमागे एक मिलिमोलने, म्हणजे डेसिलिटरमागे सुमारे ३९ मिलिग्रॅमने, उतरले की झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना साधारण एक-पंचमांशाने घटतात, आणि जितकी वर्षे ते खाली राहील तितका फायदा वाढतो. ज्याचे एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त आहे त्याच्यात आनुवंशिक दोषाची शंका घ्यावी लागते. अशा वेळी आई-वडील, भावंडे आणि मुले यांचीही तपासणी होणे आवश्यक असते, मुले लहान असली तरी.