भांडण सोडवणारी माकडे

दोघांच्या भांडणात तिसरा पडला, की मार बहुधा त्यालाच बसतो. मग कळपातल्या उपद्रवी प्राण्याला आवरण्याचे काम कोणी अंगावर का घ्यावे, असा प्रश्न प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांना पडणे साहजिकच होते. त्याचे एक चांगले उत्तर डुकरासारखी आखूड शेपटी असणाऱ्या मॅकाक माकडांकडून मिळाले. ही माकडे मलेशिया-सुमात्राकडची असली, तरी आपल्या घाटरस्त्यांवर भेटणारे लाल तोंडाचे माकड जातीने वेगळे असले, तरी त्यांच्याच मॅकाक वंशातले आहे.

अमेरिकेतील यर्क्स संशोधन केंद्रात या माकडांचा ८४ जणांचा कळप होता. त्यातले मोजके बलवान नर इतरांच्या भांडणात मध्ये पडत आणि कोणाचीही बाजू न घेता ते थांबवत. जनुकाचे काम समजून घेण्यासाठी तो बंद पाडून काय बिघडते ते पाहण्याची जनुकशास्त्रज्ञांची रीत आहे. जेसिका फ्लॅक, फ्रान्स द वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच रीत येथे वापरली, म्हणजे या नरांना ठरावीक काळ कळपातून बाजूला काढले.

भांडणे वाढली आणि भांडणानंतरची दिलजमाई कमी झाली. एवढे कोणीही आधी सांगू शकले असते. २००६ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मात्र भांडणाविषयी नसून मैत्रीविषयी आहे, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. मध्यस्थ नसताना उरलेल्या माकडांचे खेळगडी कमी झाले, परस्परांचे केस विंचरून अंग स्वच्छ करण्याचे संबंध आक्रसले आणि कळपाचे लहान, आपापसांतच रमणारे गट पडू लागले. अनोळखी माकडाजवळ जाण्यात धोका असतो. तो प्रसंग हाताबाहेर जाणार नाही अशी हमी असेल, तरच शांत माकडे तसे धाडस करतात. मध्यस्थीचा मुख्य लाभ असा भांडखोरांना नव्हे, तर भांडणात कधीच न पडणाऱ्यांना होतो. चिंपांझींमध्येही निःपक्ष मध्यस्थी आढळते, आणि भांडणात जितके जास्त प्राणी ओढले जातात तितकी तिची शक्यता वाढते.

आता मार बसण्याचा प्रश्न. या माकडांत कनिष्ठ माकड वरिष्ठासमोर आवाज न करता दात विचकते. आपण त्याला धमकी समजतो, पण शांततेच्या वेळी केलेली ती खूण ‘तुझे वर्चस्व मला मान्य आहे’ अशी कबुली असते. ज्या नराला कळपातल्या बहुतेकांकडून ही कबुली वारंवार मिळालेली असते, त्याच्यावर उलटून हल्ला सहसा होत नाही. त्याचा अधिकार भांडणाच्या क्षणी सिद्ध करावा लागत नाही, कारण तो कित्येक दिवस आधीच, कोणतेही भांडण चालू नसताना, एकेका माकडाने त्याला देऊन टाकलेला असतो.