कवट्या मोजणाऱ्या इरावतीबाई

बर्लिनमध्ये १९२८ नंतरच्या दोन-तीन वर्षांत एक मराठी तरुणी माणसांच्या कवट्या मोजत होती. तिचे मार्गदर्शक, मानववंशशास्त्रज्ञ ऑयगन फिशर यांचं गृहीतक असं, की युरोपीय माणसाच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात आणि त्याच्या बुद्धीचं श्रेष्ठत्व त्यातच आहे. १४९ कवट्या मोजून इरावती कर्वे यांनी प्रबंधात लिहिलं: असा फरक असतो, पण त्याचा वंशाशी संबंध नाही. परक्या देशात, पदवी ज्यांच्या हाती त्यांच्याच समोर हे मांडायचं! मला तर त्यांचं पुढचं सगळं काम इथूनच सुरू झालेलं दिसतं.

जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. इरावती नदीवरूनच त्यांचं नाव पडलं. शिक्षण पुण्यात, मुंबईत गुरू लाभले ते समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये. १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या.

घुर्ये यांच्या मते, मोठी जात फुटत गेली आणि पोटजाती झाल्या. इरावतीबाईंना उलट वाटे: मुळात गट वेगळे, धंदा एक म्हणून नाव एक. कुंभारच पाहा. थोरचाके आणि लहानचाके दोघेही मडकी घडवतात, पण चाकं निराळी आणि परंपरेने बेटीव्यवहार नाही. हे नुसतं तर्काने मांडून त्या थांबल्या नाहीत. गावोगाव हिंडून त्यांनी माणसांची शरीरमापं घेतली, रक्तगट तपासले. मोजपट्टी बर्लिनचीच होती आणि वंशांच्या वर्गवारीतून त्या स्वतः पूर्ण सुटल्या नाहीत, हेही सांगायला हवं.

त्यांचा नातेसंबंधांवरचा ग्रंथ १९५३ मध्ये आला. नात्याच्या शब्दांत विवाहाची रीत कशी मुरलेली असते, हे आपल्या घरातही दिसतं. सून सासूला आत्याबाई म्हणते, कारण मामेबहिणीशी लग्न झालं की नवरीची आत्याच तिची सासू होते. उत्तरेत मुलगी दूरच्या, अनोळखी गावी दिली जाते. तिथे अशा सोयरिकीला जागा नाही.

पंढरीच्या वाटेवर त्या चालल्या तेव्हाही नजर तीच होती. ज्या भूमीतले लोक पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या त्यांना तिथे सुचली. पण त्याच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांच्या पंगती वेगळ्या बसत. सगळे अंघोळ करूनच जेवतात, मग हे वेगळेपण का, हा प्रश्न त्यांना रोज सलत राहिला.