रहस्यकादंबरीचा पहिला खर्डा (बेळगाव सीमाभाग)

गुन्हा, तपास आणि उलगडा यांवर उभी राहणारी कादंबरी आधी आखून मग तिचा सलग कच्चा मजकूर उतरवण्याची प्रक्रिया. नवखा लेखक बहुधा प्रेत सापडण्याच्या प्रसंगापासून लिहायला बसतो आणि चौथ्या-पाचव्या प्रकरणाशी अडतो. कारण रहस्यकादंबरीत दोन गोष्टी असतात. एक गुन्ह्याची, ती आधीच घडून गेलेली असते. दुसरी तपासाची, ती वाचकासमोर घडते. पहिली पूर्ण ठाऊक असल्याशिवाय दुसरी लिहिता येत नाही. म्हणून आखणी शेवटाकडून करावी: गुन्हेगार कोण, त्याने का केले, त्या दिवशी तो तासातासाला कुठे होता, आणि त्याच्या हातून मागे काय राहिले. हा कालपट वहीत लिहून काढला की सुगावे आपोआप दिसू लागतात. ते कुठे पेरायचे आणि कोणत्या फसव्या धाग्याआड झाकायचे, हे त्यानंतरचे काम.

सीमाभागात कथानकाचा पहिला प्रश्न हद्दीचा असतो. बेळगाव शहर पोलीस आयुक्तांच्या अखत्यारीत येते, तर खानापूर, निपाणीसारखे तालुके जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या. वेंगुर्ला रस्त्याने बाची हे गाव ओलांडले की शिनोळी. तिथून चंदगड तालुका, म्हणजे कोल्हापूर जिल्हा आणि दुसरे राज्य. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला तर पाणीच दोन दिशांना वाटले जाते. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला खानापूर गावावरून कृष्णेकडे जाते. भीमगडच्या रानातली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते आणि पुढे मांडवी म्हणून पणजीला समुद्राला मिळते. पावसाळ्यात त्या रानात झालेला खून कोणत्या ओढ्याच्या काठी झाला, यावर प्रेत कोणत्या राज्यात वर येणार हे ठरू शकते. असा नकाशा ज्याच्या दारात आहे, त्याने मुंबईच्या गल्ल्या उसन्या आणू नयेत.

कायद्याची तयारी थोडी पण नेमकी लागते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यामुळे कथा २०१९ मधली असेल तर खुनाच्या शिक्षेचे कलम जुन्या भारतीय दंड संहितेतले ३०२, आणि त्या तारखेनंतरच्या खुनाला नव्या संहितेतले १०३. तपासाची रीत ठरवणाऱ्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. तिला झिरो एफआयआर म्हणतात. चंदगडच्या हद्दीतल्या खुनाची पहिली नोंद बेळगावात होऊन कागद पुढे सरकणे आता शक्य आहे, आणि त्या सरकण्यात वाया जाणारा वेळ लेखकाला हवा तसा वापरता येतो. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा ठरत नाही, हे विसरून लिहिलेले शेवटचे प्रकरण कोसळते. ‘एपीआय’ (सहायक पोलीस निरीक्षक) हा हुद्दा महाराष्ट्र पोलिसांचा. खानापूरच्या ठाण्यात तो बसवला की जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटतो. तिथे पीएसआय (उपनिरीक्षक) आणि त्यावर सर्कल इन्स्पेक्टर किंवा पीआय (निरीक्षक).

खरी खोल जागा मात्र भाषेची आहे. ठाण्याचे कामकाज कन्नडात चालते, साक्षीदार मराठीत बोलतो, आणि पोलिसांनी टिपून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही कायद्यानेच घेतली जात नाही. बोललेले आणि लिहिलेले यांत जे अंतर पडते, ते तपासकथेला दुसरीकडे सहजी मिळत नाही. त्यात बेळगावी मराठीची स्वतःची वळणे. इथे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. एखादी म्हातारी म्हणते, “मी बघितलो खरं वळखलो न्हाई.” म्हणजे बघितले, पण ओळखले नाही. बाहेरून आलेला अधिकारी तेच ‘खरोखर बघितले’ असे समजला, तर निरपराध माणूस अडकतो. आपण बेळगावातल्या अनगोळचेच असल्याचे सांगणारा अनोळखी माणूस गडबडीत ‘मी केलं’ म्हणून गेला आणि ‘मी केलो’ म्हणाला नाही, तर तोही सुगावा. या बोलीला पुस्तकी मराठीत घासूनपुसून घेणारा लेखक आपल्या हातातला सर्वांत चांगला पुरावा फेकून देतो.

खर्डा उतरवताना वेग महत्त्वाचा. रोज ५०० शब्द लिहिले तर १२० दिवसांत ६०,००० शब्द होतात, आणि रहस्यकादंबरीला तेवढे पुरतात. या काळात मागची पाने सुधारत बसू नये. मध्येच एखाद्या पात्राचा धंदा किंवा गाव बदलावेसे वाटले तर समासात टीप करून पुढे जावे. आखणीतला गुन्हेगार लिहिता लिहिता बदलला, असेही घडते. तेव्हा लिहिणे थांबवून कालपट नव्याने मांडावा. नाहीतर आधी पेरलेले सुगावे भलत्याकडे बोट दाखवत राहतात.

खर्डा पुरा झाल्यावर तो काही आठवडे बाजूला ठेवतात. पहिल्या फेरवाचनात प्रत्येक सुगावा कोणत्या पानावर आला आणि तपासणाऱ्याला तो केव्हा कळला, एवढेच तपासावे, भाषा नंतर. उलगड्याला लागणारी एकही गोष्ट वाचकापासून दडवलेली नसावी, हा या प्रकाराचा जुना करार आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर इथल्या साहित्य संमेलनांमुळे गावोगावी ऐकणारे कान तयार आहेत. त्यांतल्या दोघा-तिघांना उलगड्याचे प्रकरण काढून ठेवून बाकीचे वाचून दाखवावे आणि गुन्हेगार कोण असे विचारावे. मग तेच बाड बेळगावचे पाणी न प्यायलेल्या पुण्याच्या वाचकाला द्यावे, आणि ‘खरं’ या शब्दापाशी तो कुठे अडखळतो ते पेन्सिलीने खूण करून घ्यावे.