टॉप बहिणींवरच्या माहितीपटाला लोकांनी डोक्यावर का घेतलं?

2009 च्या एप्रिलमध्ये न्यूझीलंडच्या चित्रपटगृहांत लिअॅन पूली यांचा एक माहितीपट लागला, 'द टॉप ट्विन्स : अनटचेबल गर्ल्स'. जूल्स आणि लिंडा टॉप या गाणाऱ्या, हसवणाऱ्या जुळ्या बहिणींची ही कहाणी. त्या वेळी देशाची वस्ती जेमतेम 43 लाख. तिथं या चित्रपटानं 18 लाख न्यूझीलंड डॉलरच्या वर गल्ला जमवला. तोवर तिथल्या कुठल्याही माहितीपटाला हे जमलं नव्हतं. त्याच वर्षी टोरांटोच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात प्रेक्षकांच्या मतांवर ठरणारा पुरस्कार पहिल्यांदाच माहितीपटांसाठी वेगळा ठेवला गेला होता, तोही याच चित्रपटानं पटकावला. पोट धरून हसायचं आणि पुढच्याच प्रसंगात डोळे पुसायचे, असा अनुभव अनेकांनी सांगितला. ही दाद चित्रपटाला तर होतीच, पण तिची बरीचशी कमाई बहिणींनी त्याआधीच्या तीस वर्षांत करून ठेवली होती. ती कशी, हे समजून घेण्यासारखं आहे.

दोघींचा जन्म 1958 चा, न्यूझीलंडच्या दोन मुख्य बेटांपैकी उत्तरेकडच्या नॉर्थ आयलंडमधल्या वायकाटो भागातला. दूधदुभत्याच्या शेतावर वाढलेल्या या मुलींच्या कानावर पडत होतं ते कंट्री, म्हणजे ग्रामीण अमेरिकी धाटणीचं संगीत. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात या संगीताची जुनी परंपरा आहे. नेल्सनमध्ये जन्मलेल्या टेक्स मॉर्टनची योडलिंग असलेली गाणी 1936 मध्ये सिडनीत ध्वनिमुद्रित झाली, तेव्हापासून हा बाज खेड्यापाड्यांत रुजलेला. योडलिंग म्हणजे छातीतल्या भरदार आवाजातून एका झटक्यात वरच्या पातळ आवाजात उडी मारायची आणि तितक्याच झटक्यात खाली यायचं. इतर गायनात आवाजातला हा सांधा लपवण्यासाठी जन्मभर मेहनत घेतात. इथं तो सांधाच ऐकवायचा असतो. लिंडानं हे जुन्या तबकड्या ऐकून घोटलं. त्याच्या जोडीला सख्ख्या बहिणींचे आवाज, एकाच मुशीतले. दोघींचा सूर जुळतो तेव्हा कुठला आवाज कुणाचा हे कळेनासं होतं. विनोदी कलाकार म्हणून त्यांचं नाव झालं, पण गाणं पक्कं होतं म्हणून विनोद टिकला, असं मला ठामपणे वाटतं. कच्च्या गाण्यावरचा विनोद दुसऱ्यांदा ऐकवत नाही.

तरुणपणी त्यांनी काही काळ टेरिटोरियल, म्हणजे अर्धवेळ स्वयंसेवकांच्या सैन्यात काढला, त्या निमित्तानं दक्षिणेकडच्या साउथ आयलंड बेटावर गेल्या आणि क्राइस्टचर्चच्या कॉफी हाउसमध्ये गाऊ लागल्या. पुढे ऑकलंड. तिथल्या क्वीन स्ट्रीटवर एक गिटार आणि दोन गळे एवढ्या भांडवलावर त्यांनी गर्दी जमवली. गर्दी इतकी व्हायची की रहदारीला अडथळा केला म्हणून पोलिसांनी त्यांच्यावर कारवाई केली. प्रकरण कोर्टात गेलं आणि बहिणी जिंकल्या. रस्त्यावरच्या गाण्याची एक कडक शिस्त असते. समोरच्यानं तिकीट काढलेलं नसतं, आवडलं नाही तर तो पुढे चालू लागतो. पहिल्या काही क्षणांत माणूस थांबवायचा आणि मग त्याला हलू द्यायचं नाही, ही त्यांची हातोटी या फुटपाथवर घडली.

तो काळही साधा नव्हता. 1977-78 मध्ये ऑकलंडच्या बॅस्टियन पॉइंटवर माओरींनी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांनी, आपल्या जमिनीसाठी 506 दिवस ठिय्या दिला होता. 1981 मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेचा स्प्रिंगबॉक रग्बी संघ दौऱ्यावर आला आणि देश उभा चिरला गेला. रग्बी हा तिथला जवळजवळ धर्म, त्यामुळे घराघरांत भांडणं झाली. हॅमिल्टनचा सामना निदर्शकांनी मैदानात घुसून बंद पाडला. अण्वस्त्रविरोधी चळवळ चालू होती, ती 1987 च्या कायद्यापर्यंत पोचली. माओरींच्या हक्कांपासून अण्वस्त्रांपर्यंत या सगळ्या लढ्यांत टॉप बहिणी गिटार घेऊन उभ्या होत्या.

त्यातला एक लढा त्यांच्या स्वतःच्या आयुष्याला भिडणारा होता. दोघीही समलिंगी, आणि हे त्यांनी कधी लपवलं नाही. खासदार फ्रॅन वाइल्ड यांनी 1985 मध्ये मांडलेलं समलिंगी संबंधांबाबतचं सुधारणा विधेयक 9 जुलै 1986 रोजी 49 विरुद्ध 44 मतांनी मंजूर झालं. जुन्या कायद्यानं गुन्हा ठरत होते ते पुरुषांमधले संबंध. स्त्रियांवर खटले भरले जात नव्हते. म्हणजे कायद्याचा बडगा बहिणींवर थेट पडणार नव्हता, तरी त्या मैदानात उतरल्या. विधेयकातला भेदभावविरोधी भाग तेव्हा नामंजूर झाला. त्या संरक्षणासाठी 1993 च्या मानवी हक्क कायद्यापर्यंत थांबावं लागलं. एवढ्या कडवट वादात एका बाजूला उभं राहिलेल्या कलाकारांना पुढे दुसऱ्या बाजूच्या लोकांनीही आपलं मानावं, ही विलक्षण गोष्ट आहे.

ती शक्य झाली ती त्यांच्या पात्रांमुळे. गावाकडच्या शेतकऱ्यावरचा विनोद न्यूझीलंडला नवा नव्हता. सत्तरच्या दशकात विनोदी कलाकार जॉन क्लार्कच्या फ्रेड डॅग या पात्रानं काळी बंडी आणि गमबूट घालून देशाला हसवलं होतं, गाणीही म्हटली होती. टॉप बहिणींनी त्याच मातीत एक अख्खं गाव वसवलं. केन आणि केन हे दोन मध्यमवयीन पुरुष, उच्चभ्रू प्रू आणि डिली रॅम्सबॉटम, सुट्टीच्या तळावरच्या कॅम्प मदर आणि कॅम्प लीडर, कंट्री गाणाऱ्या गिंगहॅम सिस्टर्स. त्यांनी ट्रॅक्टरला कॅराव्हॅन जोडून गावोगाव दौरा केला आणि 1996 पासून स्वतःची टीव्ही मालिका गाजवली.

दोन्ही केन जरा जवळून पाहावेत. स्त्रीनं पुरुषाचं सोंग घेतलं की ते बहुधा टिंगलीकडे झुकतं. इथं तसं होत नाही. उभं राहण्याची ढब, तुटक बोलणं, मनातलं सांगायची वेळ आली की खेळाकडे वळणारा विषय, हे सगळं प्रेमानं टिपलेलं आहे. समोर बसलेल्या शेतकऱ्याला त्यात आपला शेजारी दिसतो, कधी आपणच दिसतो, आणि तरी अपमान वाटत नाही. एरवी मोर्च्यातल्या बायकांचं एक वाक्य ऐकून न घेणारा माणूस केनला तासभर ऐकतो.

पूली यांनी ही नस बरोबर पकडली. निमंत्रित प्रेक्षकांसमोर एक मैफल चित्रित केली आणि तिच्याभोवती जुनी दृश्यं, माजी पंतप्रधान हेलन क्लार्क आणि इंग्लिश गायक बिली ब्रॅग यांच्यासारख्यांच्या मुलाखती गुंफल्या. शिवाय केनसारख्या पात्रांनाही खरी माणसं असल्यागत बसवून बहिणींबद्दल बोलतं केलं. माझ्या मते चित्रपटातली सर्वांत हुशार निवड हीच. बहिणी स्वतःबद्दल जे बोलल्या असत्या तर बढाई वाटलं असतं, ते पात्रं बोलून जातात.

मग येतो जूल्सचा स्तनाचा कर्करोग, 2006 मध्ये निदान झालेला. तोवर प्रेक्षक मोकळेपणानं हसत असतो, सावध नसतो. बातमी म्हणून आधी ठाऊक असलेली गोष्टही तिथं वेगळी लागते, कारण दोन आवाजांतला एक गेला तर उरेल काय, हे इतका वेळ ऐकून त्याला पक्कं कळलेलं असतं. थिएटरातलं रडू इथलं.

न्यूझीलंडच्या प्रेक्षकाकडे स्वतःच्या आठवणी होत्या. कुणी क्वीन स्ट्रीटवर थांबलं होतं, कुणी 1981 मध्ये घरात भांडलं होतं, कुणी मालिका पाहत मोठं झालं होतं. टोरांटोत त्यातलं काहीच नव्हतं. बहुतेकांनी बहिणींचं नावही ऐकलं नसणार. तरी त्यांनी मत दिलं, कारण माहितीपटानं देशाचा तो काळ उपरा ठेवला नाही. मोर्चा, विधेयक, शेत आणि आजारपण, प्रत्येक वळणावर एक गाणं होतं, आणि ते गाणं त्या त्या वेळी खरोखर लोकांसमोर गायलेलं होतं. दीड तासाच्या आत परक्या शहरातला माणूस तीस वर्षं जुना श्रोता होऊन बसला.