क्रँकचे मागचे सील: दोरीपासून टेफ्लॉनपर्यंत

जुन्या ट्रकच्या फ्लायव्हील हाउसिंगखाली ऑइल दिसले की क्रँकचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, ऑइल अडवणारे मागचे सील गेले असे धरून गिअरबॉक्स उतरवला जातो. त्याआधी ऑइल बोटावर घेऊन वास पाहावा. गंधकासारखा उग्र वास आला तर ते गिअर ऑइल, म्हणजे गळती गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टकडची. टॅपेट कव्हरचे पॅकिंग गेले तरी ऑइल इंजिनाच्या पाठीवरून ओघळत तिथेच येते. क्रँकच गळतोय हे नक्की झाले, तर आतले सील कोणत्या पिढीचे आहे ते आधी ओळखावे लागते. एकाच मॉडेलच्या इंजिनात दोन पिढ्या सापडतात आणि एकीची रीत दुसरीला लावली की नवे सीलही गळते.

सुरुवातीच्या अनेक इंजिनांत क्रँकला टेकणारे सील नव्हतेच. क्रँकवर थ्रोअर रिंग असे, ती ऑइल क्रँकपासून दूर झुगारी. तिच्यामागे कापलेले उलटे आटे उरलेले ऑइल चेंबरकडे, म्हणजे क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या पोटाकडे, परत ढकलत. हे सगळे क्रँक फिरतोय तोवरच. इंजिन बंद करून गाडी चढावर उभी केली की ठिबकणे ठरलेले.

ही फट भरायला आली ग्राफाइट लावलेली अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी. पर्किन्स ६.३५४ हे तिचे चांगले उदाहरण. इंग्लंडमधल्या पीटरबरो इथे १९६० साली आलेले हे ३५४ घनइंचांचे, म्हणजे ५.८ लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन. आपल्याकडे पर्किन्सची इंजिने चेन्नईच्या सिम्प्सनने बनवली आणि कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या ट्रकांत ती बसली. या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाभोवती दोन अर्धगोल हाउसिंग बोल्टने जोडलेली असतात, त्यांच्या खाचेत रबरी गाभ्याची दोरी बसते आणि तिच्याखाली क्रँकवर ०.१० ते ०.२० मिमी खोल उजवे आटे असतात. जुनी युक्ती टाकून दिली नाही, तिच्यावर दोरी चढवली.

दोरी भरण्यातच सारे कसब आहे. अर्धे हाउसिंग खाच वर ठेवून व्हाइसमध्ये धरायचे. आधी दोन्ही टोकांची सुमारे २५ मिमी दोरी खाचेत बसवायची, टोक जोडाच्या सपाटीबाहेर ०.२५ ते ०.५० मिमी ठेवायचे आणि मधला भाग फुगलेला राहू द्यायचा. मग तो मध्यापासून अंगठ्याने दाबत न्यायचा आणि शेवटी गोल सळईने रेटत लाटायचा. एका टोकापासून भरत गेले तर दोरी ताणली जाते आणि दुसरे टोक आखूड पडते. बाहेर ठेवलेले ते पाव-अर्धा मिलिमीटर कापून सपाट करण्याचा मोह होतो, तो टाळावा. दोन्ही अर्धुके आवळली की ही टोके एकमेकांवर दाबली जातात आणि जोड बंद होतो. टोक जास्त लांब राहिले तर धागे जोडात चेपतात आणि हाउसिंग पूर्ण मिटत नाही. आतल्या बाजूला ग्राफाइट ग्रीस लावून, बोल्ट आवळून क्रँक फिरवून पाहायचा. जुनी दोरी काढताना ती ओली करावी आणि हवेचा पाइप अजिबात मारू नये. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात जाते.

ओठाच्या सीलचा, म्हणजे ज्याची पातळ लवचीक कड क्रँकला टेकून ऑइल अडवते त्या सीलचा, उगम मात्र चामड्याच्या कारखान्यांत आहे. जर्मनीतल्या वाइनहाइमची फ्रॉइडेनबर्ग चामडे कमावणारी, अमेरिकेतली शिकागो रॉहाइड चामडी पट्टे बनवणारी. १९३०च्या आसपास दोघींनी लोखंडी कड्यात चामड्याचा ओठ बसवलेली सील बाजारात आणली. चामडे उष्णतेने कडक होई. फ्रॉइडेनबर्गने १९३६ साली कृत्रिम रबर वापरले. पुढे नायट्राइल हे कृत्रिम रबर सर्वत्र रुळले, पण १००-१२० अंशांपुढे तेही ताठरते. ड्यूपाँटने १९५७ साली आणलेले व्हायटॉन रबर सुमारे २०० अंश सोसते. त्याने क्रँकच्या सीलचा प्रश्न बराच सोडवला.

नंतरच्या ६.३५४ मध्ये अखंड हाउसिंग आणि स्प्रिंग घातलेले ओठाचे सील आले. त्याचा क्रँक गुळगुळीत असतो. आटे कापलेल्या क्रँकवर हे सील चढवू नये, आट्यांच्या कडा ओठ खातात. कारखान्यातून सील हाउसिंगच्या मागच्या सपाटीशी समतल बसवलेले येते. क्रँकवर चर पडली असेल तर नवे सील ३.२ मिमी आत दाबायचे, तीही जागा वापरून झाली असेल तर ६.४ मिमी. म्हणजे कोऱ्या जागा तीनच. म्हणून जुने सील काढण्यापूर्वी ते किती आत होते हे मोजून लिहून ठेवावे. एकदा उपटले की तो पुरावा गेला.

नवे सील आठवड्यात गळू लागले तर बहुधा चेंबरमधली हवा बाहेर सोडणारा ब्रीदर तुंबलेला असतो किंवा पिस्टनच्या रिंगा झिजून चेंबरमध्ये दाब वाढलेला असतो. क्रँकला धरणारे मेन बेअरिंग ढिले असेल तर क्रँक उडतो आणि कोणताच ओठ त्याच्या मागे पोचत नाही.

टेफ्लॉनच्या ओठाने रीतच उलटवली. कमिन्सच्या ५.९ लिटर बी मालिकेत ते आले. हीच मालिका १९९३ साली स्थापन झालेल्या टाटा कमिन्समार्फत जमशेदपूरला बनू लागली आणि टाटांच्या ट्रकांत बसली. दोरीला ग्रीस लागते, रबरी ओठाला ऑइलचा हात. टेफ्लॉनचे सील मात्र कोरडेच बसवायचे. सुरुवातीच्या फेऱ्यांत ओठाच्या टेफ्लॉनचा पातळ थर क्रँकवर चढतो आणि ओठ त्याच थरावर चालतो. क्रँकला ऑइलचा ओशटपणा राहिला तर थर धरत नाही. म्हणून क्रँकचे टोक सॉल्व्हंटने पुसून कोरडे करायचे, सीलसोबत आलेली प्लास्टिकची बाही टोकावर टेकवायची, तिच्यावरून सील सरकवायचे आणि मगच बाही काढायची.