मोठ्या मापाचे बदली टायर

मोठ्या मापाचे बदली टायर : जीप, एसयूव्ही किंवा पिकअप जातीच्या गाडीला कारखान्यातून आलेले टायर काढून त्यांच्याहून उंच, रुंद किंवा दोन्ही असलेले टायर बसवण्याची पद्धत. डांबरी रस्ता आणि कच्ची वाट या दोन्हींवर एकच गाडी चालवणाऱ्यांत ती रूढ आहे. गाडीचा तळ जमिनीपासून वर जावा, दगड-खड्ड्यांवरून चाक सहज पार व्हावे आणि मऊ जमिनीत ते कमी रुतावे, हे तिचे मुख्य हेतू. गाडी भारदस्त दिसावी या हेतूनेही टायर बदलले जातात. तो निवडीचा निकष म्हणून येथे धरलेला नाही.

मापाची भाषा : टायरच्या बाजूवर २१५/७५ आर १५ असे लिहिलेले असते. २१५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के आहे तो आकडा, ‘आर’ हे रेडियल (आतले धागे फिरण्याच्या दिशेला काटकोनात असलेल्या) बांधणीचे अक्षर आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. यावरून टायरची पूर्ण उंची काढता येते. बाजूची उंची २१५ च्या ७५ टक्के, म्हणजे १६१.२५ मिमी.; ती वर व खाली अशी दोनदा धरून त्यात १५ इंच, म्हणजे ३८१ मिमी. मिळवले की ७०३.५ मिमी. येते. अमेरिकी वळणाच्या ३१×१०.५० आर १५ या मापात मात्र उंची आणि रुंदी थेट इंचांत दिलेली असते. जुन्या ६.००-१६ या पद्धतीत पहिला आकडा रुंदीचा आणि दुसरा रिमचा. उंचीचे गुणोत्तर त्यात लिहिलेलेच नसते. त्यामुळे जुन्या मापावरून नव्यात येताना निर्मात्याचा तक्ता पाहावा लागतो, नुसत्या गणिताने भागत नाही.

मापापुढे आणखी एक आकडा व अक्षर असते. उदा., ९६एस. यातील ९६ हा भारांक एका टायरची क्षमता ७१० किग्रॅ. असल्याचे सांगतो, १०० म्हणजे ८०० किग्रॅ. ‘एस’ म्हणजे ताशी १८० किमी.पर्यंतची वेगमर्यादा, ‘क्यू’ म्हणजे १६०. चिखलाच्या टायरांवर ‘क्यू’ वारंवार आढळते. बदली टायरचा भारांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा, याबद्दल दुमत नाही.

पूर्वपीठिका : हवेच्या टायरचे श्रेय सर्वसाधारणपणे बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप यांना दिले जाते (१८८८). तथापि स्कॉटिश अभियंते रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ मध्येच त्याचे पेटंट घेतले होते आणि डनलॉप यांचे मूळ पेटंट पुढे याच कारणाने अवैध ठरले. रेडियल बांधणीबाबतही असाच वाद आहे. ब्रिटनमध्ये ग्रे व स्लोपर यांच्या नावे १९१३ चे, तर अमेरिकेत आर्थर सॅव्हेज यांच्या नावे १९१५ च्या सुमाराचे पेटंट दाखवले जाते. मिशेलिन कंपनीचे पेटंट १९४६ चे असून तिचा ‘एक्स’ टायर १९४९ च्या आसपास बाजारात आला. कल्पना आणि वापरात उतरलेली वस्तू वेगवेगळ्या धरल्या, तर प्रत्यक्ष रेडियल टायरचे श्रेय मिशेलिनकडे जाते आणि तेच अधिक ग्राह्य वाटते. प्रस्तुत विषयाशी या वादाचा संबंध असा की, रेडियल टायरची बाजू त्याच्या माथ्याला न ओढता वाकू शकते. त्यामुळे हवा कमी केली की टायरचा जमिनीवर टेकलेला पट्टा लांबीत वाढतो. जुन्या, एकमेकांवर तिरक्या जाणाऱ्या धाग्यांच्या टायरमध्ये हे इतक्या सहज घडत नाही.

हवा कमी करून वाळूत गाडी नेण्याचे तंत्र दोन महायुद्धांच्या दरम्यान लिबियाच्या वाळवंटात परिपक्व झाले, असे दिसते. ब्रिटिश सैन्याधिकारी राल्फ बॅगनॉल्ड यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून फोर्ड गाड्यांतून तेथे मोहिमा केल्या. त्यांच्याच पुढाकाराने १९४० मध्ये उभ्या राहिलेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुप या तुकडीने हे ज्ञान युद्धात वापरले. अगदी वेगळ्या भूमीवर, आइसलँडच्या बर्फात, ३८ आणि ४४ इंची टायरांच्या गाड्यांची स्वतंत्र परंपरा तयार झाली. तेथे बर्फावर तरंगण्यासाठी टायरमध्ये कधी कधी चौ. इंचाला ५ पौंडांहूनही कमी दाबाची हवा ठेवतात.

भारतात दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपबरोबर ६.००-१६ हे माप आले. त्याची उंची सुमारे २८ इंच, म्हणजे ७११ मिमी.च्या जवळपास. डिसेंबर १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीच्या पुढील ‘किंग’ या रूपाला २०५/७० आर १५ टायर होते. त्यांची उंची ६६८ मिमी. भरते. जिप्सीला २१५/७५ आर १५ बसवणे ही येथे फार प्रचलित झालेली वाढ. पण उंचीच्या हिशेबाने ती गाडी त्यामुळे जुन्या जीपच्या पातळीवर येते, एवढेच.

रुंद की उंच : या क्षेत्रातील सर्वांत जुना वाद हाच आहे. टायर रुंद घेतला की जमिनीवरचे क्षेत्र आपोआप वाढते, हा समज सर्वत्र आढळतो. तो अपुरा आहे. टेकलेले क्षेत्र मुख्यतः भार आणि हवेचा दाब यांवर ठरते. समजा, एका चाकावर ३५० किग्रॅ. भार आहे आणि दाब चौ. सेंमी.ला २ किग्रॅ., म्हणजे चौ. इंचाला सुमारे २८ पौंड आहे, तर क्षेत्र स्थूलमानाने १७५ चौ. सेंमी. येते. टायर रुंद केला आणि दाब तोच ठेवला, तर क्षेत्र जवळपास तेवढेच राहते, फक्त त्याचा आकार बदलतो. पट्टा आडवा रुंद आणि लांबीला आखूड होतो. दाब निम्मा केला तर क्षेत्र दुपटीकडे जाते. टायरच्या बाजूंचा ताठपणा काही भार स्वतः पेलत असल्याने प्रत्यक्षात ते दुपटीहून थोडे कमी भरते. मोठ्या टायरचा खरा लाभ असा की, बाजू उंच असल्याने रिम जमिनीला न टेकता दाब अधिक खाली नेता येतो.

जमीन किती खचते याचे गणित बेर्नश्टाइन यांनी १९१३ मध्ये मांडले. पोलिश वंशाचे अभियंते मिएचिस्वाव्ह बेकर यांनी ते १९५० च्या दशकात पुढे नेले. पुढे चंद्रावरील गाडीच्या चाकांच्या कामाशीही ते निगडित होते. बेकर यांच्या मांडणीचा येथे लागू होणारा भाग असा : मऊ जमिनीत चाकाला होणारा विरोध हा मुख्यतः पुढची माती दाबून चर पाडण्यात खर्च होतो. क्षेत्र तेच असेल, तर लांब व अरुंद पट्टा आखूड व रुंद पट्ट्यापेक्षा कमी मातीला भिडतो. म्हणून उंची वाढवणे रुंदी वाढवण्यापेक्षा अधिक फलदायी ठरते. दुर्गम वाटांवरच्या कॅमल ट्रॉफी स्पर्धेतील लँड रोव्हर गाड्यांना ७.५० च्या अरुंद व उंच टायर असत, हे या पक्षाचे नेहमीचे उदाहरण.

विरुद्ध पक्षही निराधार नाही. जेथे चिखलाला तळच नाही, किंवा खोल भुसभुशीत बर्फ आहे, तेथे तळापर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच उरत नाही. तेथे रुंद टायर व अत्यल्प दाब हाच मार्ग. आइसलँडची परंपरा त्यावरच उभी आहे. भारतातील बहुतेक वाटांवर मात्र वरच्या चिखलाखाली कठीण थर सापडतो. कोकणात तो जांभ्याचा असतो. तेथे चिखल कापून खाली टेकणारा अरुंद-उंच टायर बरा. देशावरच्या काळ्या रेगूर मातीचा प्रश्न निराळा. पावसाळ्यात ती नक्षीच्या खाचांत लिंपून बसते आणि काही फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो. रुंदी-उंचीपेक्षा खाचा किती मोकळ्या आहेत हे तेथे निर्णायक ठरते. खाचांतली माती झटकली जायला चाक काहीसे वेगाने फिरावे लागते, त्यामुळे अगदी सावकाश चालवल्यास चिखलाचा टायरही या मातीत भरून येतो.

नक्षीचे प्रकार : रस्त्याचे एचटी, मिश्र वापराचे एटी व चिखलाचे एमटी ही विभागणी सर्वपरिचित आहे. एमटीच्या सुट्या, मोठ्या ठोकळ्यांमुळे ओल्या डांबरावर टेकणारे रबर कमी होते आणि ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबते. पावसाळ्यात घाट उतरणाऱ्याने हे गांभीर्याने घ्यावे. वर्षभरातला बहुतांश प्रवास डांबरावर असेल, तर एटी पुरेसा आहे.

यंत्रणेवरील परिणाम : मारुती जिम्नीला (भारतात विक्री २०२३ पासून) कारखान्यातून १९५/८० आर १५ टायर येतात, उंची ६९३ मिमी. त्याऐवजी २१५/७५ आर १५ घेतल्यास उंची दीड टक्क्याने वाढते आणि गाडीचा तळ जेमतेम ५ मिमी. वर जातो, कारण वाढलेल्या व्यासाचा निम्माच भाग आसाखाली येतो. २३५/७५ आर १५ घेतल्यास उंची ७३३.५ मिमी., म्हणजे ५.८ टक्के वाढ, आणि तळ २० मिमी. वर. या दुसऱ्या निवडीचे परिणाम सर्वत्र दिसतात. स्पीडोमीटर इतर बाबतींत अचूक धरला, तर तो ८० दाखवत असताना गाडी ताशी जवळपास ८५ किमी.ने धावते. स्पीडोमीटरने खऱ्याहून कमी वेग कधीच दाखवू नये, अशी आंतरराष्ट्रीय नियमांची अट आहे. कारखाने काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात आणि मोठा टायर ती राखीव जागा खाऊन टाकतो. किलोमीटरचा आकडाही तितकाच मागे पडतो. म्हणून टायर बदलल्यावर ॲव्हरेज घटले असे वाटते, त्यातला काही भाग निव्वळ मोजणीतला असतो; दाखवलेल्या अंतराला १.०५८ ने गुणल्याशिवाय तुलना करू नये.

बाकीची घट खरीच असते. सर्व गिअर एकाच प्रमाणात लांब होतात, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी पडतात, इंजिन खेचत नाही असे चढावर जाणवते, क्लच अधिक घासतो. ब्रेकची पकड तीच असली, तरी त्रिज्या वाढल्याने रस्त्यावर पोहोचणारे रोधक बल सुमारे साडेपाच टक्क्यांनी घटते. शिवाय टायरचे वाढीव वजन परिघावर असल्याने ते फिरवायला व थांबवायला अधिक जोर लागतो, तो वेगळाच. बेअरिंग, बॉल जॉइंट व स्टिअरिंगचे सांधे यांचे आयुष्य कमी होते. मागच्या दारावर स्टेपनी असलेल्या गाड्यांत दाराच्या बिजागऱ्यांवरही ताण येतो.

रिमची रुंदी हा बहुतेकांकडून सुटणारा मुद्दा. जिम्नीचे रिम साडेपाच इंच रुंद आहे. २१५/७५ आर १५ साठी साडेपाच ते सात इंच मान्य आहेत, तेव्हा ते चालते. २३५/७५ आर १५ ला मात्र किमान सहा इंच लागतात. अरुंद रिमवर बसवलेला टायर मधोमध फुगतो, माथा मधेच झिजतो आणि वळणावर बाजू डुलते. त्यासाठी रिम बदलून चाके बाहेरच्या बाजूला सरकवली, तर नवे प्रश्न उभे राहतात.

टायर गाडीच्या अंगाला घासतो का, याची तपासणी सपाट जमिनीवर करून उपयोग नाही. एक पुढचे चाक दगडावर किंवा रॅम्पवर चढवून स्प्रिंग पूर्ण दबलेली असताना स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवावे लागते. मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकवर चकचकीत काळी रेघ उमटली, तर टायर तेथे लागतो. अशी रेघ बहुधा बंपरच्या मागच्या कोपऱ्यात किंवा चेसिसच्या बाजूने आधी दिसते.

मूळ उंचीच्या तीन टक्क्यांच्या आत राहावे, हा संकेत व्यापकपणे मानला जातो. त्याला नेमका शास्त्रीय आधार आहे असे म्हणता येत नाही, परंतु वरील सर्व परिणाम त्या मर्यादेत सौम्य राहतात. कारखानेही जवळपास तसेच वागतात : २०२० च्या महिंद्रा थारच्या एका प्रकाराला २४५/७५ आर १६ (७७३.९ मिमी.), तर दुसऱ्याला २५५/६५ आर १८ (७८८.७ मिमी.) टायर येत. फरक दोन टक्क्यांहून कमी.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. टायरचे माप प्रमाणपत्राच्या नमुन्यात साधारणतः वाहतूक वाहनांसाठीच नोंदले जाते. त्यामुळे खासगी गाडीबाबत थोडी वाढ चालते असा एक पक्ष आहे. त्याच गाडीच्या वरच्या प्रकाराला कारखान्याने दिलेले माप घेणे हा त्यातल्या त्यात निर्धोक मार्ग होय. घासून गेलेल्या टायरसाठी मोटारींना १.६ मिमी. नक्षी-खोलीची किमान मर्यादा आहे. ती मोठ्या टायरांनाही लागू पडते.

स्पर्धा व उपलब्धता : गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंज स्पर्धेमुळे देशात मोठ्या एमटी टायरांबद्दलचे आकर्षण वाढले. स्पर्धेतील गाड्यांचे गिअर, आस व सस्पेन्शन मात्र त्या टायरांसाठी बदललेले असतात. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टायरांची आयात ‘निर्बंधित’ वर्गात टाकल्यानंतर परदेशी मापे दुर्मिळ झाली. २१५/७५ आर १५ हे बोलेरोचे माप असल्याने ते तालुक्याच्या गावीही सहसा मिळते आणि वाटेत टायर फाटला तर गाडी अडकून पडत नाही. ३१ इंची मापाचा एक टायर फाटला, तर तो बहुधा पुण्या-मुंबईहून मागवावा लागतो.