लाँग पिंपल आणि शॉर्ट पिंपल: दोन्हीचे दाणे बाहेर, पण खेळ वेगळा

ठाण्यातल्या अंडर-११ किंवा अंडर-१३ च्या कुठल्याही टेबल टेनिस स्पर्धेत जा, भिंतीला टेकून बसलेल्या पालकांत हे वाक्य हमखास ऐकू येतं: "अहो, समोरचा पिंपलवाला आहे, काय करणार!" कुठला पिंपल, असं विचारलं तर उत्तर येत नाही. रॅकेटच्या रबरावर दाणे बाहेर दिसले की पिंपल, विषय संपला. प्रत्यक्षात लाँग पिंपल आणि शॉर्ट पिंपल जवळजवळ उलट्या कामाची रबरं आहेत. एकासमोर जे खेळायचं तेच दुसऱ्यासमोर खेळलात तर गेम हातचा जातो. आणि आपल्याच मुलाला घेताना गल्लत झाली, तर सरावाचे कित्येक महिने पाण्यात.

ओळखायला सोपं आहे. अंगठ्याने दाणा आडवा दाबून बघा. शॉर्ट पिंपलचा दाणा बुटका, जाड आणि ताठ असतो, हलत नाही. लाँग पिंपलचा दाणा उंच आणि सडपातळ असतो. पायपुसण्याच्या रबरी काड्यांसारखा वाकतो आणि सोडला की परत उभा राहतो. मग रॅकेट आडवी धरून कडेने बघा. शॉर्ट पिंपलखाली बहुधा चांगला जाड स्पंज असतो. लाँग पिंपलखाली तो अगदी पातळ, किंवा नसतोच. बिनस्पंजाच्या रबराला दुकानात 'ओएक्स' म्हणतात. दाणा किती उंच असावा यालाही मर्यादा आहे: १९९९ पासून उंची जाडीच्या १.१ पटीपेक्षा जास्त चालत नाही. दोन्हींच्या अधलंमधलं मीडियम पिंपलही मिळतं, पण नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता मुख्य मुद्दा, लाँग पिंपल. "सर, त्याच्या रबराने स्पिन उलटा होतो," असं मुलं सांगतात. खरं म्हणजे काहीच उलटं होत नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. तुम्ही टॉपस्पिन मारला की बॉल पुढच्या दिशेने गरगरत जातो. प्लेन रबर, म्हणजे दाणे आत आणि बाहेरून सपाट, पकड घेणारं नेहमीचं रबर, त्या बॉलला पकडतं, त्याचं फिरणं मोडतं आणि स्वतःची फिरकी घालतं. लाँग पिंपलचे दाणे वाकतात, पकड घेत नाहीत. त्यामुळे बॉल परत फिरतो, पण त्याचं गरगरणं होतं तसंच राहतं. दिशा बदलली आणि फिरणं तेच, म्हणजे तुमचाच टॉपस्पिन तुमच्याकडे बॅकस्पिन, म्हणजे मागच्या दिशेने गरगरणारा बॉल, होऊन आला. तो तुम्ही पुन्हा टॉपस्पिनसारखा मारलात की बॉल थेट जाळीत. याउलट तुम्ही पुश केलात, म्हणजे बॉल खालून हलका कापून बॅकस्पिनने दिलात, तर परत येतो तो हलका टॉपस्पिन किंवा तरंगता बॉल. समोरच्याचा हात पुश करतानाच हलताना दिसतो, म्हणून तुम्ही बॅकस्पिन समजून परत पुश करता आणि बॉल उंच उडतो. पुढचा फटका त्याचा.

यातच लाँग पिंपलची दुबळी बाजूही दिसते. ते तुमच्या फिरकीवर जगतं. तुम्ही दिलंच नाही तर त्याच्याकडे परत द्यायला काही नसतं. साधा, बिनफिरकीचा, खोल बॉल त्या बाजूला टाका. मऊ आणि सरळ परत येतो. पूर्वी अजिबात पकड नसलेले गुळगुळीत लाँग पिंपल मिळायचे, २००८ पासून त्यांच्यावर बंदी आली. आजच्या रबरात थोडी पकड असतेच, त्यामुळे परिणाम जरा सौम्य झालाय, पण हिशोब तोच.

शॉर्ट पिंपलचं सगळं स्वतःच्या हातावर अवलंबून. दाणा ताठ, मागे स्पंज, बॉलला टेकायला जागा कमी. त्यामुळे बॉल रबरावर थांबत नाही, लगेच सुटतो. समोरच्याची फिरकी प्लेन रबराइतकी अंगावर येत नाही आणि आपलीही फार घालता येत नाही. मग राहतो सपाट, वेगवान फटका, जो टप्पा पडल्यावर अपेक्षेपेक्षा खाली राहतो. टॉपस्पिनच्या उसळीची सवय लागलेला मुलगा रॅकेट वर नेऊन बसतो आणि बॉल खालून निघून जातो. पण हे जमायला टेबलाला चिकटून राहावं लागतं, बॉल चढतानाच घ्यावा लागतो आणि पाय सतत चालते हवेत. अर्धा क्षण उशीर झाला की या रबराकडे वाचवणारी फिरकी नसते. टेबलापासून लांब गेलात तर संपलंच. जपानची मिमा इतो बॅकहँडला शॉर्ट पिंपल घेऊन खेळते. टोकियो ऑलिंपिकमध्ये जुन मिझुतानीबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण तिने त्याच हाताने मिळवलं. त्याआधी चीनच्या लिऊ गुओलियांगने १९९६ ला अटलांटात एकेरीचं सुवर्ण जिंकलं, तेही फोरहँडच्या शॉर्ट पिंपलवर.

लाँग पिंपल म्हणजे भित्रा, बचावाचा खेळ, हाही एक पक्का गैरसमज. चीनच्या डेंग यापिंगची उंची जेमतेम पाच फूट, बॅकहँडला लाँग पिंपल, आणि १९९२ व १९९६ अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये एकेरीचं सुवर्ण. आपली मनिका बत्रा त्याच वाटेवरची. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत तिने सिंगापूरच्या फेंग तियानवेईला दोनदा हरवलं. तिचे ते सामने मुलांना दाखवताना मी एकच गोष्ट बघायला सांगतो: ती रॅलीच्या मधेच रॅकेट हातात फिरवते. कधी पिंपल, कधी प्लेन, समोरच्याला अंदाज नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये दक्षिण कोरियातल्या बुसानला आपल्या ऐहिका मुखर्जीने चीनच्या सुन यिंगशाला हरवलं, तेव्हाही आमच्या हॉलमध्ये "लाँग पिंपलने कमाल केली" असंच चाललं होतं. ऐहिकाचं रबर मात्र अँटी-स्पिन: बाहेरून गुळगुळीत, दाणे आत. परिणाम लाँग पिंपलच्या जवळचा, म्हणून ही तिसरी गल्लत.

मुलाला यातलं काय द्यावं? माझं मत कडक आहे: सुरुवातीची दोन वर्षं दोन्ही बाजूंना प्लेन. हात तयार व्हायच्या आधी लाँग पिंपल दिलं, तर अंडर-११ मध्ये ट्रॉफ्या येतात, कारण समोरच्या मुलांनी ते पाहिलेलंच नसतं. पालक खूश. अंडर-१५ ला पोचेपर्यंत समोरचे डेड, म्हणजे बिनफिरकीचे, बॉल टाकायला शिकलेले असतात आणि या मुलाकडे दुसरं काहीच नसतं. पावसाळ्यात तर आणखी फसगत. जुलैत ठाण्यातले हॉल इतके दमट असतात की प्लेन रबरावर बॉल घसरतो, पिंपलवाल्याला मात्र फारसा फरक पडत नाही. तो महिनाभर जिंकतो आणि घरचे म्हणतात, रबर लागू पडलं. निर्णय दिवाळीनंतर घ्या.

दोन वर्षांनी मुलाचा पिंड दिसायला लागतो. ज्याला बॉल लवकर मारायची घाई आहे, पाय हलके आहेत, पण बॅकहँडला टॉपस्पिन बसत नाही, त्याला शॉर्ट पिंपल. जो समोरच्याच्या हाताकडे बघतो, थांबू शकतो, वाट बघताना चिडत नाही, त्याला लाँग, पण रॅकेट फिरवायला पहिल्या आठवड्यापासून शिकवायचं. टीव्हीवर मनिका दिसली म्हणून लाँग, हे कारण मी ऐकून घेत नाही.

आणि ज्याला स्वतःला पिंपल घ्यायचं नाही, त्याला त्यासमोर खेळणं तरी आलंच पाहिजे. मल्टीबॉलने, म्हणजे टोपलीतून एकामागून एक बॉल देऊन, हे शिकवता येत नाही, कारण तिथे मुलाचीच फिरकी त्याच्याकडे परत येत नाही. मी एक जुनी रॅकेट ठेवलीय, काळ्या बाजूला लाँग, लाल बाजूला शॉर्ट. सरावाला आलेल्या कुणाच्याही हातात ती देतो आणि समोरच्याला रॅली खेळायला लावतो. लाँगसमोर नियम असा: टॉपस्पिन मारलास तर पुढचा बॉल पुश कर किंवा खालून उचल, लगेच दुसरा जोरात नाही. शॉर्टसमोर उलट: सपाट बॉल द्यायचाच नाही, हळू, भरपूर फिरकीचा आणि टेबलाच्या शेवटच्या कडेला पडणारा टॉपस्पिन द्यायचा, म्हणजे त्याला मागे सरकावं लागतं.

सामन्याआधी एकमेकांची रॅकेट बघायचा हक्क नियमातच आहे. लाजून तो सोडणारी मुलं खूप. कुठल्या रंगावर काय आहे ते मनात पक्कं करा. दोन बाजूंना दोन रंग सक्तीचे झाले ते १९८० च्या दशकात, कारण त्याआधी एकाच रंगाची दोन वेगळी रबरं लावून लोक समोरच्याला बेजार करत. २०२१ पासून काळ्यासोबत लालऐवजी निळा, हिरवा, गुलाबी, जांभळाही चालतो. आणि आपली रॅकेट नवी असेल तर मुठीजवळ रबरावर आयटीटीएफचं (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाचं) चिन्ह छापलेलं आहे ना, ते दुकानातच बघून घ्या. पंचांनी टेबलापाशी रॅकेट बाजूला ठेवायला लावली, तर उसन्या रॅकेटने खेळायची वेळ येते.